भुयारी मेट्रो स्थानक: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचं भुयार सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोचलं आणि मुंबईची मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. कामाला, कोर्टाला, दवाखान्याला जाणारे नाशिककर आता तिथे जमिनीखाली उतरतात आणि परत आले की प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम लावलेला नाही, हवा तो प्रश्न आधी वाचा.

नाशिकला भुयारी मेट्रो होणार का?

नाही. नाशिकसाठी जी आखली गेली ती ‘मेट्रो निओ’, आणि ती खांबांवरून जाणारी आहे. रबरी चाकांची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांबलचक जोडबसच म्हणा ना. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. त्यानंतरची कथा शहरात सगळ्यांना ठाऊक आहे, हे लिहीपर्यंत एकही खांब उभा राहिलेला नाही.

भुयाराचा विचार का नाही, याचं उत्तर पैशात आहे. मुंबईची मेट्रो-३ सुमारे ३३.५ किलोमीटरची आहे आणि तिचा खर्च ३७,२७० कोटींच्या घरात गेला. म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटी. नाशिकच्या अख्ख्या निओचा निम्मा पैसा एका किलोमीटरच्या भुयारात संपला असता. तुलना तशी सरळ नाही, मेट्रो-३ च्या आठ डबी गाडीत जेवढी माणसं मावतात तेवढी निओत मावणार नाहीत. पण नाशिकला तेवढ्या माणसांची ने-आण एका वेळी करायचीही नाही.

माझं मत विचाराल तर गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, पुणे रोड हे खांब पेलण्याइतके रुंद आहेत. खांब मावणार नाहीत असा भाग एकच: मेनरोड, रविवार कारंजा, भद्रकाली. आणि नेमकं तिथेच गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी येतं. ते पुढे पाहू.

जगातलं पहिलं भुयारी स्थानक कुठलं?

एक नाही, एकाच दिवशी अख्खी रांग उघडली. १० जानेवारी १८६३ ला लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुमारे सहा किलोमीटरची मेट्रोपॉलिटन रेल्वे सुरू झाली. बेकर स्ट्रीट हे त्यातलंच एक स्थानक, आणि तिथले मूळ फलाट आजही वापरात आहेत. पहिल्याच दिवशी सुमारे ३८ हजार लोक बसले. त्या वेळी आपल्याकडे थळ घाटात, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तिथे, रेल्वेचे बोगदे फोडायचं काम चालू होतं. तो मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला.

लंडनकरांनी भुयार काढलं ते हौसेपोटी नाही. बाहेरून येणाऱ्या रेल्वेगाड्या शहराच्या कडेला थांबायच्या आणि तिथून मधल्या व्यापारी भागात जाताना घोडागाड्यांनी रस्ते तुंबायचे. मधली घरं पाडून रेल्वे आत आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून रस्ताच खोदला, दोन बाजूंना विटांच्या भिंती उभारल्या, वर कमान टाकली आणि रस्ता पूर्ववत केला. पहिली भुयारी रेल्वे रस्त्यांच्या खालून वळणं घेत गेली ती यामुळे.

काम चालू असताना जून १८६२ मध्ये फ्लीट ओढ्याचं गटार फुटून पाणी खोदकामात घुसलं होतं. शहराखाली बुजवलेला ओढा आपली वाट विसरत नाही, हे पावसात पाणी भरणाऱ्या आपल्या सराफ बाजारातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कोळशाचं इंजिन आणि भुयार? धुराचं काय केलं?

पुरतं काहीच नाही. लंडनच्या त्या पहिल्या गाड्यांना वाफेचंच इंजिन होतं. त्याची वाफ वातावरणात न सोडता पाण्याच्या टाकीत वळवायची सोय केली होती. वाफ काही प्रमाणात आवरली, धूर मात्र राहिला. म्हणून स्थानकांना हवेसाठी तोंडं ठेवावी लागली. बेकर स्ट्रीटच्या जुन्या फलाटांवर भिंतीत तिरके कोनाडे दिसतात ना, ते शोभेचे नाहीत. त्यांतून वर रस्त्यालगत उजेड यायचा आणि धूर जायचा.

याहून मजेशीर जागा आहे लेन्स्टर गार्डन्स. पांढऱ्या, खांबवाल्या, एकसारख्या घरांची ओळ. त्यातली २३ आणि २४ क्रमांकाची घरं खोटी आहेत. दार आहे, खिडक्या आहेत, मागे घरच नाही. तिथे रेल्वेचा मार्ग उघडा ठेवला होता, इंजिनांना धूर सोडायला. शेजाऱ्यांच्या ओळीची शोभा जाऊ नये म्हणून पुढून भिंत उभारली. स्थानकांच्या बांधणीत असा लोकांचा रुसवा काढण्यासाठी केलेला खर्च बराच असतो, तेव्हाही होता.

मग इतकी खोल स्थानकं कधी आली?

वीज आल्यावर. १८९० मध्ये लंडनमध्येच सिटी अँड साउथ लंडन रेल्वे सुरू झाली. विजेवर चालणारी, खोल नळीतून जाणारी. रस्ता न खोदता मातीतून पोखरत जायचं यंत्र, ज्याला ढाल म्हणतात, त्याची मूळ कल्पना मार्क ब्रुनेलने थेम्स नदीखालच्या बोगद्यासाठी वापरली होती. तो बोगदा १८४३ मध्ये खुला झाला. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यावरून ब्रुनेलला ते सुचलं असं सांगतात.

खोल गेल्यावर दोन नव्या अडचणी आल्या. पहिली, माणसं वर-खाली कशी करायची. आधी लिफ्ट आल्या, मग १९११ पासून सरकते जिने. दुसरी अडचण गमतीची. भुयारात बघायला काय आहे, असा विचार करून पहिल्या डब्यांना खिडक्याच जवळजवळ ठेवल्या नव्हत्या, वर नुसत्या फटी. स्थानक कुठलं आलं ते डब्यातला माणूस ओरडून सांगायचा. आज फलाटाच्या भिंतीवर दर काही पावलांवर नाव लिहिलेलं असतं, ते या अनुभवातून आलेलं शहाणपण.

पुढे प्रत्येक शहराने आपला सूर लावला. पॅरिसने १९०० मध्ये वेलबुट्टीच्या लोखंडी कमानी, मॉस्कोने १९३५ मध्ये संगमरवर आणि झुंबरं. आशियात पहिला मान टोकियोचा, १९२७. खोलीचं म्हणाल तर कीव्ह शहरातलं आर्सेनाल्ना स्थानक १०५.५ मीटर खाली आहे.

भारतात पहिलं कोणतं?

कोलकाता. २४ ऑक्टोबर १९८४, एस्प्लनेड ते भवानीपूर, ३.४ किलोमीटर. पायाभरणी १९७२ च्या डिसेंबरात झाली होती, म्हणजे पहिली गाडी धावायला जवळपास बारा वर्षं. तेवढ्या काळात मधले रस्ते खणलेलेच होते. दिल्लीचा भुयारी भाग डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला. मार्च २०२४ पासून कोलकात्यात हुगळीच्या पात्राखालून गाडी जाते.

पुण्याचं सिव्हिल कोर्ट स्टेशन एवढं खोल का? आणि तिथे ऊन कसं पडतं?

फलाट ३३.१ मीटर खाली आहे, साधारण दहा मजले. कारण जवळच मुठा नदी आहे आणि बोगद्याला तिच्या तळाच्या बऱ्याच खालून जायचंय. नदीखाली घट्ट खडकाचं पुरेसं जाड छत लागतं, आणि बोगदा खाली गेला की स्थानकालाही खाली जावं लागतं. मेट्रोला घाटातल्यासारखा चढ एकदम घेता येत नाही. कसारा घाटात ३७ ला १ चढ आहे आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, हे आपण रोज पाहतो. मेट्रोत तसलं काही नाही, म्हणून उतार सौम्य आणि स्थानकं खोल.

उन्हाचं म्हणाल तर छताला मुद्दाम उघडीप ठेवून वरचा उजेड खाली पोचवला आहे. सकाळी सरकत्या जिन्यावरून खाली जाताना भिंतीवर उजेडाचा पट्टा दिसतो. विजेची बचत हा एक भाग. मला त्याचा खरा उपयोग वेगळा वाटतो: खाली असलेल्या माणसाला बाहेर कुठल्या बाजूला आहे ते कळतं आणि जीव घाबरा होत नाही.

रस्ता न बंद करता जमिनीखाली एवढा मोठा हॉल काढतात कसा?

रस्ता बंद होतोच, अर्धा-अर्धा करून. मुख्य पद्धती दोन.

रुंद रस्ता किंवा मैदान असेल तर वरून खोदतात. आधी कडेने जमिनीत खांबांची किंवा भिंतींची ओळ उतरवायची, मग मधली माती काढायची. यात एक हुशार प्रकार आहे, वरून खाली बांधत येण्याचा. खड्डा थोडासाच खणून आधी छताचा स्लॅब ओततात आणि त्यावर रस्ता परत सुरू करतात. मग त्या छताखालून माती उपसत एकेक मजला खाली बांधत जातात. घर बांधणाऱ्या गवंड्याला हे उलटं वाटेल, पण पांडवलेणीच्या देशात नवं नाही. आपल्याकडची लेणी अशीच कोरली गेली, आधी छत पुरं करायचं आणि मग खाली जायचं. त्रिरश्मी डोंगरावरची २४ लेणी कोरणाऱ्यांना उलटी शटरिंग लागली नाही एवढाच फरक.

वर जुनी वस्ती असेल आणि खणायला जागाच नसेल तर दुसरी पद्धत. एका बाजूला विहिरीसारखा खोल खड्डा घ्यायचा, तळाशी गेल्यावर तिथून आडवं पोखरत जायचं. दीड-दोन मीटर फोडायचं, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, पोलादी कमानी आणि खिळे बसवायचे, खडक किती हलला ते मोजायचं, मग पुढचं. मुंबईत काळबादेवी आणि गिरगाव या स्थानकांसाठी असंच केलं. इगतपुरीजवळचा समृद्धी महामार्गाचा जवळपास आठ किलोमीटरचा जोडबोगदाही खडक फोडत, आधार देत पुढे गेला. तिथे वर डोंगर होता, गिरगावात वर चाळी होत्या.

दोन स्थानकांमधली भुयारं मात्र यंत्र पोखरतं. पुढे फिरणारं भलंमोठं तोंड, मागे काँक्रीटच्या पाकळ्या जोडून कडं बसवणारी यंत्रणा. कातळ कसा आहे त्यावर वेग ठरतो, दिवसाला आठ-दहा मीटर झाले तरी बरं. मेट्रो-३ साठी अशी १७ यंत्रं लागली आणि त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये पहिल्यांदा भुयार आरपार केलं ते ‘गोदावरी’ने, विमानतळाच्या टी-२ स्थानकात. ‘वैतरणा’ही होती. त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेल्या दोन्ही नद्या मुंबईच्या पोटात कामाला लागल्या होत्या. शेवटचं, म्हणजे ४२ वं भुयार ३० नोव्हेंबर २०२२ ला आरपार झालं.

वरच्या वाड्यांना तडे जात नाहीत?

जाऊ शकतात. म्हणून काम सुरू होण्याआधीच प्रत्येक इमारतीच्या जुन्या तड्यांचे फोटो काढून नोंद ठेवतात, भिंतीवर खुणा लावतात आणि दररोज मोजतात. भिंत ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कललेली दिसली की काम थांबवायचं.

तरी चुकतं. ३१ ऑगस्ट २०१९ ला कोलकात्याच्या बोबाजारात यंत्र जमिनीतल्या पाण्याच्या थराला लागलं, पाणी आणि वाळू भुयारात आली, वरची माती खचली आणि जुन्या घरांना तडे गेले, काही कोसळली. शेकडो लोकांना रातोरात घर सोडावं लागलं. आपल्याकडचा काळा कातळ या बाबतीत कोलकात्याच्या गाळापेक्षा कितीतरी सोसणारा. पण कातळाच्या थरांत मधे मधे लाल मातीचे पट्टे आणि भेगा असतात, आणि पाणी तिथूनच वाट काढतं. विहीर खणणाऱ्याला हे कधीच माहीत असतं.

पावसाचं पाणी आत शिरलं तर?

गंगेला पूर आला की नाशिकमध्ये कोणी क्युसेक विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, ते विचारतात. गुडघ्याला, कंबरेला, छातीला, की डोक्यावरून गेलं. स्थानक आखणाऱ्याचा पहिला प्रश्नही तोच असतो: इथे आजवरचं सगळ्यात मोठं पाणी कुठवर चढलं होतं? त्या रेषेच्या वर दाराचा उंबरठा ठेवतात.

पुढच्या वेळी मुंबईत मेट्रोत उतराल तेव्हा प्रवेशद्वाराशी क्षणभर थांबून बघा. जायचंय खाली, पण आधी दोन-चार पायऱ्या वर चढाव्या लागतात. शेजारी चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी उतरण असते, तीही आधी वर चढते. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत उभी खाच दिसेल, पाणी वाढलं तर त्यात फळ्या किंवा फाटक बसवून दार अडवायचं. हवेच्या झरोक्यांची तोंडंही अशीच उंचावर. आत जे पाणी येईल ते सर्वांत खालच्या हौदात जमा होतं आणि पंप ते उपसतात. पंप जोडीने असतात, एक बंद पडला तर दुसरा.

यातली एक कडी सुटली की काय होतं ते २६ मे २०२५ ला दिसलं. वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात, सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झालेला असताना, बांधकाम चालू असलेल्या एका प्रवेशमार्गाची पाणी अडवणारी भिंत मुसळधार पावसात कोसळली आणि लोंढा थेट फलाटापर्यंत गेला. तयार दारं ठीक होती, अर्धवट दाराने घात केला. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच आला होता, आणि बांधकामाची वेळापत्रकं जून धरून केलेली असतात.

रविवार कारंजाखाली स्थानक काढायचं कोणी सुचवलं तर मी आधी त्यांना २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले गोदाघाटाचे फोटो दाखवीन.

रिकामं स्थानक जमिनीतून वर येऊ शकतं, हे खरं का?

खरं आहे, आणि मला हा सगळ्यात आवडता प्रश्न वाटतो. सगळ्यांना भीती असते ती छत खाली बसण्याची. अभियंत्याला पावसाळ्यात काळजी असते ती तळ वर उचलला जाण्याची. रिकामी बादली हौदात दाबून धरा, ती हात झुगारून वर येऊ बघते. स्थानकाची पेटी म्हणजे दोनशे-सव्वादोनशे मीटर लांब पोकळ डबा, आणि भोवतीच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी वरपर्यंत चढलेलं.

म्हणून तळाचा स्लॅब प्रचंड जाड करतात. कधी तो भिंतींच्या बाहेर पाऊलभर काढतात, म्हणजे त्या कडेवर वरच्या मातीचं ओझं बसतं. कधी तळाखाली कातळात खांब किंवा पोलादी दोर रोवून पेटी खाली बांधून ठेवतात. हे खांब वजन पेलायला नसतात, ओढून धरायला असतात. सगळ्यात नाजूक काळ बांधकामाचा: पेटी तयार, पण वरची माती अजून भरलेली नाही. तेवढे महिने भोवतालचं पाणी सतत उपसत राहावं लागतं, आणि पंप बंद कधी करायचे हे कोणी मनाने ठरवत नाही, हिशेब करूनच ठरतं.

खाली हवा कुठून येते? आणि गाडी येण्याआधी वारा का सुटतो?

गाडी नळीत जवळजवळ घट्ट बसते, त्यामुळे पुढची हवा ढकलत आणते. कोलकात्याच्या जुन्या स्थानकांवर तो वारा अंगावर येतो. मुंबईच्या मेट्रो-३ वर फलाटाच्या कडेला छतापर्यंत काचेची दारं आहेत, म्हणून तो लागत नाही आणि वातानुकूलित हवाही बोगद्यात पळून जात नाही. या दारांमुळे कोणी रुळांवर पडत नाही, हा फायदा वेगळा.

स्थानकाच्या दोन्ही टोकांना मोठे पंखे असतात, उलट-सुलट फिरवता येणारे. एरवी ते बोगद्यातली उष्णता काढतात. लंडनने हे सुरुवातीला हलक्यात घेतलं. खोल बोगद्यांभोवतीची चिकणमाती तेव्हा थंड होती, आणि ‘उन्हाळ्यात भुयारात या, गारवा घ्या’ अशी जाहिरात करत. शंभर वर्षांत गाड्यांच्या आणि ब्रेकच्या उष्णतेने ती माती स्वतःच तापली. आता ती गारवा देत नाही, उष्णता धरून ठेवते.

आग लागली तर?

हेच पंखे धूर एका बाजूला ओढतात, म्हणजे माणसांना दुसऱ्या बाजूने निघता येतं. याला पायऱ्या, आपत्कालीन दिवे, न जळणारं सामान अशी जोड असते. नियम बहुतेक ठिकाणी एका अमेरिकी मानकावरून घेतलेले आहेत: ४ मिनिटांत फलाट रिकामा, ६ मिनिटांत शेवटचा माणूस सुरक्षित जागी. जिन्यांची रुंदी या आकड्यांवरून ठरते, शोभेवरून नाही.

हे नियम अनुभवातून कडक झाले. १८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली साठलेल्या ग्रीस-कचऱ्यावर जळती काडी पडली. ज्वाळा वर न उठता जिन्याच्या खाचेत लोळत वेगाने वर धावल्या आणि तिकीटघरात भडकल्या. ३१ माणसं गेली. आग अशी वागते हे तोवर तज्ज्ञांनाही माहीत नव्हतं.

जिने इतके रुंद आणि मार्ग इतके लांब का? चालून पाय दुखतात.

गर्दी अडू नये म्हणून. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थात सरदार चौकाजवळच्या उताराच्या अरुंद वाटेत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. उतार, अरुंद वाट आणि समोरून किंवा मागून येणारा दाब, या तीन गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत हा स्थानकाच्या आराखड्याचा गाभा आहे. म्हणून जिन्याच्या तोंडाशी मोकळी जागा सोडतात, फलाटावर खांब कमी ठेवतात, येणारे आणि जाणारे वेगळे करतात. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या आराखड्यांवर बोलताना घाटांची लांबी मोजली जाते. घाटाकडे नेणाऱ्या वाटांची रुंदी मोजणारा माणूस मला त्यात हवा असतो.

आजींचे गुडघे दुखतात. त्यांना नेता येईल का?

येईल. पण प्रत्येक दाराला लिफ्ट असेलच असं नाही, लिफ्टची खूण असलेलं दार आधी शोधा. बहुतेक ठिकाणी दोन टप्पे असतात: रस्त्यावरून तिकिटाच्या मजल्यावर एक लिफ्ट, तिथून फलाटावर दुसरी. मधे तिकीट तपासायचं असतं म्हणून एकच लिफ्ट थेट खाली नेत नाहीत. जमिनीवरच्या पिवळ्या फरशा दृष्टिहीनांसाठी असतात. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. त्यावर बॅगा ठेवू नयेत.

खाली गेल्यावर दिशाच कळत नाही. मलाच होतं का असं?

सगळ्यांना होतं. सूर्य नाही, देऊळ नाही, पाणीपुरीवाल्याची खूण नाही. म्हणून लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेस्ली ग्रीनने आखलेल्या स्थानकांत प्रत्येकाच्या फरशांची नक्षी आणि रंग वेगळे ठेवले गेले. नेहमीचा प्रवासी वाचल्याशिवाय ओळखायचा. १९३३ मध्ये हॅरी बेकने नकाशातून खरी अंतरं काढून टाकली आणि फक्त सरळ, तिरक्या रेघा आणि स्थानकांचा क्रम ठेवला. आज जगातला जवळजवळ प्रत्येक मेट्रो नकाशा त्याच घडणीचा असतो. पुण्यात मंडई स्थानकाला महात्मा फुले मंडईचा तोंडवळा दिलाय, तोही ओळख पटावी म्हणूनच.

भुयाराची रचना फसली तर काय होतं ते आपल्याकडे नाशिकच्या द्वारका चौकात आहे. पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला, लोक मात्र वरूनच गाड्यांमधून रस्ता ओलांडत राहिले. खाली उतरल्यावर पलीकडचं टोक दिसलं पाहिजे, उजेड पाहिजे, माणसांचा राबता पाहिजे. वाट वाकडी आणि अंधारी असेल तर बाईमाणूस त्यात एकटी उतरत नाही, आणि ती उतरली नाही की हळूहळू कोणीच उतरत नाही.

खोदताना जुनं काही सापडलं तर?

काम थांबतं, कधी वर्षानुवर्षं. ग्रीसमधल्या थेसालोनिकीत स्थानकाच्या जागी रोमन काळाचा अख्खा रस्ता दुकानांसकट निघाला. मेट्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तो स्थानकातच मांडला होता. नाशिकमध्ये गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये संकालिया आणि देव यांनी उत्खनन केलं आणि शहराच्या वस्तीचे थर सातवाहनांच्याही मागे नेले. जुन्या नाशकात वीस मीटर खणायचं म्हणजे यंत्राआधी पुरातत्त्ववाला लागेल.

नाशिकला पूर्वी ट्राम होती म्हणतात?

होती. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, म्हणून १८८९ मध्ये नाशिकरोड ते मेनरोडची जुनी नगरपालिका अशी अडीच फुटी रुळांची ट्राम आली. आधी घोडे ओढायचे, पुढे पेट्रोलचं इंजिन. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी नंतर बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली.

पंचवटी एक्सप्रेसने गेलो तर मेट्रो-३ कुठून धरायची?

शेवटपर्यंत बसून सीएसएमटीला उतरा. तिथून एकाच गाडीने एका बाजूला हुतात्मा चौक (हायकोर्ट), विधान भवन (मंत्रालय), तर दुसऱ्या बाजूला सिद्धिविनायक, बीकेसी आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल. संपूर्ण मार्गाचं सर्वांत जास्त भाडं ७० रुपये. दादरला उतरूनही जमतं, पण मेट्रो पश्चिमेला आहे आणि सामान घेऊन बाजारातून चालावं लागतं.

खाली फोनला रेंज का जात होती?

टॉवरच्या लहरी जमीन भेदून येत नाहीत. बोगद्यात लांबच लांब केबल टाकावी लागते, जिच्या कवचातल्या फटींतून लहरी झिरपतात, आणि त्यावर प्रत्येक मोबाइल कंपनीला आपली यंत्रणा जोडावी लागते. मेट्रो-३ सुरू झाली तेव्हा या जोडणीवरून बरीच ओरड झाली. क्यूआर तिकीट काढायचं असेल तर वर रस्त्यावर असतानाच काढा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बाहेर पडतानाही तेच दाखवायचं असतं.